हुग्गी जेवलेल्या गावाचा दाखला

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घराचं काम नव्हे. माझे आजोबा अंगठा उठवायचे. वडील सही करतात ती इंग्रजीत, आणि तीही गोदीतल्या हजेरीपुरती शिकलेली. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. त्यातही माझं शाळेचं शिक्षण परमुलखात झालं, मराठी मी आईच्या तोंडून शिकलो, त्यामुळं कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कुठं शब्द रांगडा येईल. धाराशिवच्या कॉलेजात मराठी शिकवणारे आमचे सर म्हणाले, "जे भोगलंस ते लिही. ज्याला आज खोकला लागलाय त्याला उपयोग होईल." मी म्हटलं, "सर, लिहायला बसलो की राग येतो." ते म्हणाले, "मग रागासकट लिही, पण खरं लिही."

म्हणून लिहितो. आजचा दिवस तसा लिहायला बरा नाही. माझी धाकटी बहीण शकू, तिला महिनाभर बारीक ताप येतोय. आज सकाळच्या एस.टी.नं आण्णा, म्हणजे माझे वडील, तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलेत. तिच्या छातीचा फोटो काढायचा आहे. फोटोत काय निघालं त्याचा निरोप संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर येईल. तोवर हात रिकामे ठेवले तर मन नको तिथं जातं.

दवाखान्याचं आणि आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. गाव मुरुमजवळचं आहे, एवढं पुरे. माणसं अजून तिथंच आहेत आणि आम्हालाही त्यांच्यातच राहायचं आहे.

*

आम्ही एडनहून परत आलो. समुद्रापलीकडं अरबांच्या मुलखात ते बंदर आहे. आण्णा तिथं जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. मी अगदी लहान असताना आम्ही गेलो, तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. परत आलो तेव्हा महाराष्ट्र झाला होता. मधलं सगळं आम्ही पत्रांतून ऐकलं. शकूचा तर जन्मच तिकडचा. ती मायला मराठीत हाक मारायची, शेजारच्या पोरींशी अरबीत भांडायची आणि आकडे हिंदीत मोजायची.

आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं साखळदंडाखाली सापडली, आणि कारखान्यानं परतीचं तिकीट देऊन त्यांना मोकळं केलं. एवढंच काय ते घडलं. पण गावात बातमी काय गेली? मिस्त्री एडनहून आला. ट्रंक आणली, कोट आणला, मनगटाला घड्याळ आहे.

त्यात मायचा नवस होता. बोटीत पाय ठेवताना तिनं तुळजापूरच्या भवानीला हात जोडून म्हटलं होतं, सगळी सुखरूप परत आणलीस तर गाव जेवू घालीन. आमच्याकडं नवस बोललेला फेडतातच. गोंधळ घातला, खपली गव्हाची हुग्गी केली, कढया चुलखंडावर चढल्या आणि पंगतीवर पंगत उठली. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, तिच्यावर तूप लागतं. आण्णा स्वतः तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होते, कोट घालून, दोन बोटं नसलेला हात खिशात ठेवून. कुणी म्हणालं, "बास करा मिस्त्री, पान वाहून चाललं," की ते हसून आणखी धार सोडायचे.

एडनची सगळी कमाई त्या दिवशी संपली. हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. गावाला कुणी सांगितलं नाही.

*

कॉलेजात पहिलंच वर्ष होतं. दुपार झाली की कणकण यायची, खोकला जायचा नाही, सदरा ढगळ व्हायला लागला. खोलीतला मित्र म्हणाला, "लेका, परमुलखातलं पाणी उतरतंय तुझं." मीही तसंच समजलो. शेवटी जिना चढताना मध्येच बसलो, तेव्हा तो मला त्याच सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

एडनला मला एकदा विषमज्वर झाला होता. तिथल्या दवाखान्यातही आमची रांग वेगळी होती, गोऱ्यांची वेगळी, हे मी विसरलेलो नाही. तिथं सगळं गोड होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण खिडकीपाशी गेलं की पहिला प्रश्न असायचा, काय होतंय? इथं खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बाप काय करतो?"

मी खरं ते सांगितलं. "आता इंजिनं दुरुस्त करतात. आधी एडनला फिटर होते."

तेव्हा त्यानं मान वर केली. "एडन म्हंजे? परदेश?"

"व्हय."

"मग सरळ बोल की. पैसे भरणाऱ्यांत लिहितो."

मला वाटलं, हा कसला तरी मान आहे. मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

डॉक्टर तरुण होते. डोळे झोप न झालेले. त्यांनी पाठ ठोकली, नळी लावली, फोटो काढायला लावला आणि तो उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. मला त्यात काही कळलं नाही. बरगड्या दिसत होत्या, आणि उजवीकडं वर धुकं पडल्यासारखं.

"क्षय आहे," ते म्हणाले. "घाबरू नकोस. आता औषधं निघाली आहेत. रोज सुई, रोज गोळ्या, आणि निजून राहायचं. बरा होशील."

मी विचारलं, "परीक्षेला बसता येईल का?"

त्यांनी विचारलं, "घरी लहान कुणी आहे?"

"बहीण आहे. अकरा वर्षांची."

"मग घरी जाऊ नकोस. इथं खाट घे. एका खोलीत तुमचं सगळं बिऱ्हाड असणार. तिला लागेल."

हे वाक्य त्यांनी मला अगदी स्पष्ट सांगितलं. मी ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी मला घरी पाठवलं त्यांच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं असं नाही.

खाट होती. मी डोळ्यांनी पाहिली. क्षयाच्या वॉर्डात शेवटच्या खिडकीखाली लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्यावर कुणाचा तरी लाल भोपळा. पण पैसे भरून तिथं राहणं आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि फुकट राहायचं तर गरिबीचा दाखला हवा. पटवाऱ्याच्या सहीचा, माली पाटलाच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या पाटलाच्या, शिक्क्याचा, पंचांसमक्ष. डॉक्टर म्हणाले, "दाखला घेऊन ये, मी आजच्या आज घेतो. त्याशिवाय माझ्या हातात नाही." मला त्यांचा राग आला नाही. नंतर आला. ज्याच्या हातात सुई आहे त्याच्या हातात खाट का नसावी?

*

गावात पोचलो. मला सपरात, म्हणजे घराबाहेरच्या छपराखाली, वेगळं अंथरूण घातलं. दुसऱ्याच दिवशी आण्णा आणि मी चावडीवर गेलो.

पटवारी सज्जन माणूस. कधी कुणाला ओरडून बोलले नाहीत. ते मला म्हणाले, "दत्तू, अरे तुझ्या बापाला गरीब कसं लिहू? मी स्वतः दुसऱ्या पंगतीला होतो. हुग्गीवर तूप कसं वाढलं ते या डोळ्यांनी बघितलं. उद्या वरून चौकशी आली तर गाव काय साक्ष देईल?"

माली पाटील पानाला चुना लावत म्हणाले, "घड्याळ हाय, कोट हाय, ट्रंक हाय. ह्याला गरीब म्हणलं तर आमाला काय म्हणावं? वाडगं घिऊन फिरावं का आमी?"

चावडीवर हशा झाला. कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, ट्रंक उघडा एकदा, कळंल तरी गरिबी केवढी हाय ती!"

मी आण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ते हसले. पंगतीत तूप वाढताना हसत होते तसंच. "ऱ्हाऊ द्या पाटील," ते म्हणाले, "पोराला मी पैसं भरून ठिवतो. दाखल्याची काय गरज न्हाय."

दाराशी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आण्णा, कुठले पैसे भरणार तुम्ही?"

ते खाली बघत म्हणाले, "तितं इतकी वर्सं कुली म्हनून हाक मारली दत्तू मला. 'ए कुली, इकडं ये.' फिटर म्हनून नाव कागदावर, तोंडानं कुली. हितं आल्यावर पैल्यांदा कुनीतरी मिस्त्री म्हनलं. आता हितंबी म्या भिकारी म्हनून लिहून घिऊ?"

मला त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त ती गुंडाळलेली गादी आणि तिच्यावरचा भोपळा दिसत होता.

*

तो सगळा हिवाळा मी सपरात काढला. सुईची औषधं जमतील तशी आणायची आणि मुरुमला एका कंपाउंडरकडं टोचून घ्यायची. बाटल्या संपल्या की सुई बंद, पुन्हा जमल्या की सुरू. हे वाचणाऱ्या ज्या कुणाला हा रोग असेल त्याला हात जोडून सांगतो, असं करू नका. सुई सलग घ्या. मधे खंड पडला की रोगाला आपली औषधं ओळखीची होतात. हे मला पुढं डॉक्टरांनी रागावून सांगितलं.

शेजारणी विस्तव मागायला यायच्या थांबल्या. थोरल्या काकांनी आपली पोरं आमच्या अंगणातून उचलून नेली, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. फक्त पलीकडच्या घरातली म्हातारी गंगव्वा रोज कुडाजवळ यायची. तिची भाषा अर्धी कानडी, अर्धी मराठी. "ऊटा आयता, बाळा?" म्हणून विचारायची. जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ. मी मान हलवली की जायची. तेवढं एक विचारणं मला दिवसभर पुरायचं.

आणि शकू. तिला सांगून ठेवलं होतं, उंबऱ्याच्या पलीकडं बसायचं. ती उंबऱ्यावर बसायची. मग उंबऱ्याच्या अलीकडं. मी ओरडलो की मागं सरकायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा पुढं. गावातल्या पोरी तिला खेळात घेत नव्हत्या, तिच्या बोलण्याला हसायच्या. मग ती माझ्यापाशी यायची.

"दादा, बोट आली का बघ," ती म्हणायची. समोर एरंडाचं झाड आणि काकांचा उकिरडा. मी म्हणायचो, "आली. तीन धुराड्यांची."

"कुठली आहे?"

"मुंबईची. तू मागं सरक आधी."

माझ्या ताटातला गूळ ती पळवायची. ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा, सगळं माय जपायची. पण मायला बांधावर जावं लागायचं, आण्णा इंजिनांपाठी मुरुमला, आणि मला ताप चढला की पाणी कोण देणार? शकूच द्यायची. माझं डोकंही तीच दाबायची. मला भान असलं की मी तिला हाकलायचो. प्रत्येक वेळी भान नसायचं.

*

होळीच्या सुमाराला मी उठून बसेनासा झालो. तेव्हा चावडीवर काय झालं ते मी पाहिलं नाही. पायरीखाली उभ्या असलेल्या गंगव्वानं, आण्णांनी आणि नंतर पटवाऱ्यांनी सांगितलं, आणि तिघांचं सांगणं जुळलं, म्हणून लिहितो.

पंच कसल्याशा बांधाच्या भांडणासाठी बसले होते. आण्णाही तिथं कोट घालून बसले होते. बाईमाणूस आमच्याकडं चावडीची पायरी चढत नाही. माय चढली. डोक्यावर पदर घेऊन, खांबाला धरून उभी राहिली.

पाटील म्हणाले, "वैनी, घरला जा. मिस्त्री हायत की हितं."

माय म्हणाली, "त्यांची जीभ एडनला ऱ्हायली. म्या बोलते."

कुणी हसायला लागला, त्याच्याकडं वळून ती म्हणाली, "तू हास, बाळू. तू तीन येळा हुग्गी मागून घेतलीस. म्या वाढली. तवा इचारलंस का, काकू, हे कुठनं आणलं म्हनून? पाटील, तुमी इचारलं? पटवारीसाहेब, तुमी? जेवताना कुनाला हिशेब सुचला न्हाय. माझ्या पोराला खाट मागितली तवा समद्यांला माझं तूप आठवतंय."

पाटील म्हणाले, "नवस तुमचा हुता वैनी, आमी काय बोलावा म्हनलं न्हवतं."

"नवस माझा. फेडला. त्यात आमचं शेवटचं जे हुतं ते गेलं, आन् ते तुमच्या पोटात गेलं. आता तुमीच साक्षीदार. चला माझ्या घरी, कणगीत हात घाला. ट्रंक बघायची हाय नव्हं? चला. त्यात ह्यांचं गोदीतलं काळी कापडं हायत आन् माझं लुगडं. ते गरिबीत बसतं का न्हाय ते बघून लिहा."

पटवारी दौतीशी चाळा करत राहिले. आण्णा उठले. खिशातला हात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बाहेर काढला. कोट काढला, घडी घातली, चावडीच्या कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, "लिहा पटवारीसाहेब. गरीब."

पटवाऱ्यांनी लिहिलं. पंचांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. खाली उतरताना मायला मागून ऐकू आलं, "आता दाखल्याची हुग्गी कधी मिस्त्री?"

तो कोट अजून आमच्याच घरी आहे. आण्णांनी तो पुन्हा अंगात घातलेला नाही.

*

मला गाडीत आडवा घालून दवाखान्यात आणलं. त्याच कारकुनानं दाखला वाचला. "एडन आणि गरीब?" तो म्हणाला, पण शिक्का मारला.

मला खाट दिली ती शेवटच्या खिडकीखालची. मी वॉर्डबॉयला विचारलं, "हिच्यावर आधी कोण होता?"

"कुनी न्हाय," तो म्हणाला. "लई दिस रिकामीच हुती. पैशेवाला हितं झोपत न्हाय, आन् दाखलेवाला येईना."

मी भिंतीकडं तोंड करून पडलो. कुणी मेलेल्याच्या खाटेवर झोपवलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. अख्खा हिवाळा ती खाट रिकामी होती. अख्खा हिवाळा शकू उंबऱ्याच्या अलीकडं बसत होती. एक रिकामी खाट आणि एक आजारी माणूस, दोघांच्या मधे फक्त एक गावजेवण.

शेजारच्या खाटेवर सास्तूरचे लिंबाजीमामा होते, मेंढ्या राखणारे, माझ्या दुप्पट वयाचे. माझी हकीगत ऐकून ते खोकेपर्यंत हसले. "तू एडनहून आलास म्हनून अडवलं व्हय? आरं, मी सास्तूरहून आलो तरी मला इचारलं, कुनाचा मानूस हाईस? म्हनलं, मेंढ्यांचा. तर म्हनत्यात, बाहेर बस."

वॉर्डातला दिवस सांगतो, म्हणजे नव्यानं येणाऱ्याला भीती कमी वाटेल. सकाळी थर्मामीटर. मग चहा, त्यात दूध नावाला. मग सुई. सुई कुल्ल्यात देतात, रोज बाजू बदलतात, नाही बदलली तर आपण सांगायचं. गोळ्या इतक्या की पोट त्यांनीच भरतं. त्या घशात जळजळतात, वर भाकरीचा तुकडा खावा. पिकदाणीला झाकण ठेवावं, राख घालावी. दुपारी कुणी बोलू नये असा नियम आहे, तो कुणी पाळत नाही. डॉक्टर येतात तेव्हा सगळे एकदम बरे झाल्यासारखे दिसतात, आणि ते गेले की पुन्हा आजारी पडतात. लाज वाटली तरी विचारा. मी विचारत नव्हतो. लिंबाजीमामा माझ्या वतीनं ओरडायचे, "डाक्टरसाहेब, ह्या एडनवाल्याला कानात घुंई वाजतंय, बोलायला लाजतंय!" ते सुईमुळं होतं, आणि वेळीच कळलं म्हणून डॉक्टरांनी सुई बदलली. माझे कान त्यांच्या ओरडण्यानं वाचले.

एक परिचारिका होत्या, कडक. उशीला हात लावला तरी ओरडायच्या. पण मायनं पाठवलेली ज्वारीची भाकरी वाळून कडक झाली की त्या ती दुधात भिजवून आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "कुणाला सांगू नको, सगळे मागतील." बरं होण्यात औषधाचा वाटा किती आणि त्या दुधातल्या भाकरीचा किती, मला सांगता येणार नाही.

पण राग गेला नाही. लोक म्हणतात, आजारानं माणूस नरम होतो. मी झालो नाही. खिडकीबाहेर व्हरांड्यात रोज माणसं बसलेली दिसायची, दाखल्यावाचून, कुणी शिक्क्यावाचून. एक जण त्याच्या गावचा पाटील लग्नाला गेला म्हणून बसला होता. रोग काय पाटलाच्या परतीची वाट बघतो? ज्याला धाप लागलीय त्यानं आधी स्वतःला चारचौघांत नागवं करावं, मग त्याला गादी उलगडून द्यावी, हा कुठला न्याय? मायनं ते केलं. सगळ्यांच्या आया चावडीची पायरी चढू शकत नाहीत.

*

पावसाळा सरता मी घरी आलो. थुंकी स्वच्छ, फोटोतलं धुकं बसलेलं. गोळ्या अजून चालू आहेत. कॉलेजनं मला पुन्हा घेतलं. दिवाळीच्या सुटीला आलो तर शकू दारातून पळत आली आणि अंगणाच्या मध्यावरच थांबून धापा टाकायला लागली. मी तिच्या कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "ऊन लागलंय, दादा." ऊन नव्हतं.

या वेळी कुणालाही चावडीवर जावं लागलं नाही. काल पटवारी स्वतः आमच्या दारात आले, हातात दाखला, सही-शिक्क्यासकट. मायनं त्यांना बसायला घोंगडी टाकली. ते टेकले नाहीत. म्हणाले, "असू दे जवळ. लागला तर लागला. खेटे नकोत." मी त्यांना म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी हा एवढाच कागद होता." ते चपला घालून गेले. मला बोलायला नको होतं असं माय म्हणते. मला तसं वाटत नाही.

*

इथवर लिहिलं तेव्हा गाडीची वेळ झाली होती. आता फाट्यावरून परत येऊन पुढचं लिहितो.

माय आणि मी दोघं गेलो होतो. चहाच्या टपरीजवळ उभे राहिलो. टपरीवाल्यानं विचारलं, "मिस्त्री गेलंत का पोरीला घिऊन?" माय म्हणाली, "व्हय. खाट मिळती का बगायचं." सकाळपासून तिच्या तोंडी तेच होतं. मागचं आठवून तिला धास्ती एकच, कारकून पुन्हा अडवेल.

गाडी आली. कंडक्टरनं दारातूनच हाक मारली, "मिस्त्रीणबाई! निरोप हाय. मिस्त्री म्हनले, काळजी करू नगा, खाट मिळाली. दाखला बघितला आन् लगीच दिली, एका शब्दावर. पोरीला ठिवून घेतलंय, मिस्त्री तितंच हायत."

घंटी वाजली, गाडी गेली.

मायनं तिथंच रस्त्यात पदर पसरून तुळजापूरच्या दिशेला हात जोडले. "मिळाली गं माय, खाट मिळाली." टपरीवाला म्हणाला, "चला, बरं झालं. बसा, च्या घ्या." तिनं चहा घेतला नाही, ती झपाझप घराकडं निघाली. बैल घेऊन येणाऱ्या काकांना तिनं सांगितलं, खाट मिळाली. पाणी भरणाऱ्या बायकांना सांगितलं, एका शब्दावर दिली बघा, कुनी अडवलं न्हाय. गंगव्वा कुडाजवळ उभी होती, तिलाही सांगितलं. मी मागून चालत होतो. मान वर करून कुणाकडं बघितलं नाही.

दाराशी ती थांबली. उंबऱ्याकडं बघत राहिली. शकूची बसायची जागा तीच, उंबऱ्याच्या अलीकडची. मग ती माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली,

"दत्तू, खाट दिली म्हंजी… फोटूत निघालं का रं?"